डिस्क सापडत नाही

“हॅलो? … हॅलो, कोण? … थांबा हं जरा, पंखा बंद करते, नुसती घरघर लावलीय त्याने… हं, बोला आता. लॅपटॉपच्या दुकानातून ना? अहो, सकाळपासून वाट बघतेय मी. तासाभरात फोन करतो म्हणालात आणि… काय? … कोण आई?”

ठकूच्या आईने फोन कानापासून लांब धरला. डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढला आणि पडद्यावर पाहिलं. तिथे अजूनही ‘जावईबापू’ असंच लिहिलेलं होतं. ठकू आणि तिचा नवरा वेगळे झाल्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं, कोर्टाचे कागदही झाले होते, पण फोनमधलं नाव बदलायचं कसं हे तिला माहीत नव्हतं, आणि ठकूला सांगायचा धीर झाला नव्हता.

“अगबाई… तुम्ही! … हो, हो, बरी आहे. तुम्ही कसे आहात? … हो का… गुडघा ना, आहे आपला, जिथे होता तिथेच आहे… नाही, तसं काही नाही… हं…”

ती उभीच होती. बसावं की नाही, हेही तिला कळेना. एवढ्या दिवसांत ना त्याने फोन केला होता, ना तिने. करून बोलायचं तरी काय?

“काय म्हणालात? … लॅपटॉप? … तुम्हाला कुणी सांगितलं? … कळलं म्हणजे? असं कसं कळलं? … त्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं असणार. त्याच्या पोटात एक गोष्ट राहील तर शपथ… बरं, बरं, नाही विचारत.”

गोष्ट अशी झाली होती. घराच्या पुढच्या खोलीत तिचं भरतकामाचं मशीन होतं, आणि त्याच्या शेजारी टेबलावर एक लॅपटॉप. डिझाइन लॅपटॉपवर करायचं, वायरमधून मशीनला द्यायचं, की मशीन सुयांचा टकटकाट करत ते कापडावर उतरवायचं. ही सगळी जुळणी लग्नानंतर पहिल्याच वर्षी जावयाने करून दिली होती. गेल्या आठवड्यात त्या लॅपटॉपचा पडदा काळा पडला तो पडलाच. दुरुस्तीवाला म्हणाला, एवढ्या जुन्याचा पडदा मिळत नाही, नवा घ्या. तिने नवा घेतला. तर मशीनचा प्रोग्रॅम नव्यावर उघडेचना. मग कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने डोकं चालवलं. म्हणाला, प्रोग्रॅम जुना आहे तर नव्या लॅपटॉपवर जुनी सिस्टीम टाका, सगळं पूर्वीसारखं चालेल. पेनड्राइव्हमध्ये जुनी सिस्टीम भरूनही दिली त्याने. आणि खाटेवर नर्सिंग कॉलेजच्या पांढऱ्या कोटांचा ढीग पडला होता. प्रत्येक खिशावर कॉलेजचं चिन्ह, म्हणजे पेटता दिवा, आणि मुलीचं नाव भरायचं होतं. परवा कॉलेजचा माणूस कोट न्यायला येणार होता. यंदा काम चुकलं तर कॉलेज दुसरीकडे जाणार, आणि तिचं निम्मं वर्ष कॉलेजच्या कामावर निघायचं.

“हो, लावलाय ना पेनड्राइव्ह. पण काही होत नाही. चालू केला की नवंच सगळं येतं, फुलाचं चित्र येतं… हो, बंद करून परत चालू केला. तीनदा… तुम्ही आत्ता ऑफिसात ना? मग कशाला उगाच… बरं. बरं, बसते… बसले.”

ती मशीनच्या स्टुलावर बसली. फोन स्पीकरवर टाकायचं बटण सापडेना, म्हणून खांदा आणि कान यांच्यात दाबला. शिवताना दोरा तोडायला मान अशी वाकडी करायची तिला सवयच होती.

“बंद केला. आता? … चालू करायचा आणि एफ-दोन दाबत राहायचं. एकदा की दाबूनच ठेवू? … टकटक. बरं… करते… अगबाई, निळं झालं! सगळं निळं झालं, आणि इंग्रजीत काय काय लिहिलंय… मी काही केलं नाही हं! … असंच यायला हवं? मग आधी सांगायचं ना, माझ्या छातीत धस्स झालं.”

“वरती? वरती शब्द आहेत. मेन… ॲड… ॲडव्हान्स… हो, सिक्युरिटी आहे. बाणाने जाते… गेले… सिक्युअर बूट. आहे. समोर लिहिलंय एनेबल… बंद करू? … पण सिक्युअर म्हणजे सुरक्षितच ना? मग ते बंद कशाला करायचं? … नाही, तुमच्यावर विश्वास आहे हो, पण नवाकोरा आहे लॅपटॉप… म्हणजे तो पहारेकरी आहे. आणि जुन्या सिस्टीमला आत सोडत नाही… कळलं. म्हणजे कळलं असं नाही, पण करते… केला. एफ-दहा… येस… गेलं निळं.”

पडद्यावर पांढरी अक्षरं आली, मग एक पट्टी सरकू लागली. अगदी सावकाश, मधेच थांबत, जणू जिन्यावर दम खात.

“फाइली भरतंय म्हणे. लोडिंग… हो, पट्टी आहे. थोडी भरलीय… वेळ लागेल? … हं.”

तिकडून टाइप केल्याचा, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ऑफिसात त्याच्या आजूबाजूला माणसं असतील, असं तिला वाटलं. पण पट्टी हलत नव्हती, आणि दीड वर्ष पोटात दाबलेला प्रश्न तोंडावर आला होता.

“एक विचारू? … रागावणार नसाल तर… तुमचं दोघांचं नक्की झालं काय? … नाही, तिला विचारलं की ती म्हणते, आई, काही झालं नाही. काही झालं नाही तर मग हे झालं कसं? … भांडण मी कधी ऐकलं नाही. तुम्ही पीत नाही, ती उधळी नाही. दुसरं कुणी होतं म्हणावं तर तेही नाही… हो ना? … मग? … काय संपलं? … बोलणं? … बोलणं कसं संपेल? अहो, मी या मशीनशी बोलते दिवसभर, ते एक अक्षर बोलत नाही, तरी माझं संपत नाही… नाही, हसण्यावारी नका नेऊ. मला खरंच कळत नाही…”

तो काहीतरी सांगत होता. हळू आवाजात, थांबत थांबत. ती नुसती ‘हं… हं…’ करत राहिली. घरी यायचो, शेजारी बसायचो, पण सांगावंसं काही वाटायचंच नाही, असं काहीसं तो म्हणत होता. शब्द सोपे होते. पण दोन माणसांचं असं कसं होतं, ते तिच्या डोक्यात शिरेना. तिचा नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. त्याला सांगायच्या गोष्टी तिच्याकडे अजून शिल्लक होत्या.

“असू दे… असू दे, आता नको सांगू. तुझा आवाज… तुमचा आवाज बसला बघा. पाणी प्या… आली! खिडकी आली. भाषा विचारतेय. इंग्लिश. नेक्स्ट दाबू? … माऊस हलत नाहीये. बाणच हलत नाही… बोट फिरवतेय की त्या चौकोनावर, गुळगुळीत झाला तो… बाहेरचा माऊस? आहे, जुन्याचा आहे. लावते… लाल दिवापण लागत नाही त्याचा. दुसऱ्या बाजूला? … तिकडेपण नाही… मेला का माऊस?”

मग त्याने जे सांगितलं ते तिने दोनदा म्हणवून घेतलं.

“म्हणजे नवा लॅपटॉप जुन्या सिस्टीमला ओळखत नाही… उलटं? जुनी सिस्टीम ह्याची वायरी लावायची भोकं ओळखत नाही. हां, बरोबर आहे. ती आली तेव्हा हा जन्मलाच नव्हता, ती तरी बिचारी कशी ओळखणार? … मग आता? … टॅब. टॅब कुठे असतो? … डावीकडे, दोन बाण काढलेले. हो. दाबला. चौकट सरकली! … आता एंटर… अरे, चाललं की! तू खरंच… तुम्ही म्हणजे ना…”

हे ‘अहो’ आणि ‘अरे’ तिला काही आवरेना. लग्न झालं तेव्हा ती त्याला रीतसर अहोजाहो करायची. त्यानेच हट्ट धरला होता, आई, मला अरे म्हणा, अहो म्हटलं की मागे कुणी साहेब उभा आहेसं वाटतं. तिला ते जमायला कितीतरी वर्षं लागली, आणि जमलं तोवर लग्न मोडलं. आता कोणतं बरोबर?

“अटी मान्य. टॅब, स्पेस, एंटर… कस्टम. हो… आली यादी. कुठे टाकू विचारतंय. पण यादीत काहीच नाहीये. रिकामी… खाली लिहिलंय, नो ड्राइव्हज… डिस्क सापडत नाही म्हणतंय. सापडत नाही म्हणजे? हरवली? … अहो, दुकानातून आणून चार दिवस झाले, डिस्क नसताना दिला की काय त्यांनी? … आहे पण दिसत नाही. ह्याच्याच पोटात आहे आणि ह्यालाच दिसत नाही… आता काय करायचं? … ड्रायव्हर? कुठला ड्रायव्हर?”

पलीकडे थोडा वेळ नुसतं टाइप केल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला की हे असं फोनवर होणार नाही. नव्या डिस्कची ओळख करून देणारी फाइल आधी शोधावी लागेल, ती पेनड्राइव्हमध्ये भरावी लागेल, तरी पुढे पडदा चालेल की नाही, मशीनची वायर चालेल की नाही, सांगता येत नाही. चार-पाच दिवस तरी जातील.

ठकूच्या आईने खाटेवरच्या ढिगाकडे पाहिलं. घड्या घातलेले, कडक इस्त्रीचे, खिसे कोरे.

“चार-पाच दिवस नाहीत रे माझ्याकडे. परवा येतोय तो माणूस… नाही, लांबवता येणार नाही, मुलींचा कसलासा शपथेचा कार्यक्रम आहे, कोट घालूनच उभं राहायचंय त्यांना… हाताने? हाताने किती भरू? डोळे कुठे राहिलेत तसे… जाऊ दे. तू केलंस तेवढं पुष्कळ केलंस. मीच वेडी, त्या झेरॉक्सवाल्याचं ऐकलं… हो, बंद करते. आत काही बिघडलं नाही ना? … डिस्क दिसलीच नाही म्हणून वाचली. बरं झालं म्हणायचं.”

तिने नवा लॅपटॉप मिटला. पण कान अजून फोनला होता आणि तो काहीतरी विचारतच होता.

“डिझाइन? कॉलेजचा दिवा ना… जुन्यातच आहे. सगळं जुन्यातच आहे… हो, आहे की घरातच, खाटेखाली ठेवलाय. टाकवला नाही… सुरू कसला होतोय? पडदा ठार काळा… नाही, म्हणजे गातो. बटण दाबलं की ते ट्यँ-ट्यँऽऽ गाणं म्हणतो पूर्वीसारखं, पंखाही फिरतो आतला. पण आंधळा झालाय ना तो… काय? … काय झालं ओरडायला? … हो, गातो! कालच बघितलं मी, वाटलं आज तरी उघडेल… अरे, मला कुणी विचारलंच नाही गातो का म्हणून! दुरुस्तीवाला म्हणाला पडदा मिळत नाही, संपलं. मी काय सांगणार, तो गातो हो?”

आता तो इतक्या घाईने बोलू लागला की तिला दोनदा ‘हळू’ म्हणावं लागलं. पडदा मेलाय, लॅपटॉप जिवंत आहे. त्याला दुसरा पडदा द्यायचा. टीव्ही आहे ना घरात?

“टीव्ही? आहे. इथेच आहे, मशीनच्या समोर. पण टीव्हीत लॅपटॉप कसा… वायर? कुठली? … डिशच्या डब्यातून टीव्हीला जाते ती चपटी. ती काढू? … ठकूची मालिका असते हो रात्री… बरं, बरं, परत लावू. थांब, खाली वाकते. गुडघा… आई गं… काढला लॅपटॉप. धूळ बघ किती… डाव्या बाजूला भोक आहे तसलंच. बसली. आपोआप बसली!”

“टीव्ही लावला. निळा आहे. सिग्नल नाही म्हणतो… रिमोटवर सोर्स. सोर्स… हं, एक, दोन… आता लॅपटॉप चालू… गातोय, ऐकलंस? … पण टीव्हीवर काही नाही. काळाच… कुठलं बटण? … खालच्या ओळीत, चौकटीचं चित्र असलेलं, आणि पी. दोन्ही एकदम. दाबलं… एंटर… नाही… परत… परत दाबते… काय सांगू, नाही येत काही, तू म्हणतोस तसं सगळं…”

आणि टीव्ही उजळला.

अख्ख्या टीव्हीभर, खिडकीएवढी मोठी, ती स्वतःच होती. नव्याकोऱ्या मशीनपुढे बसलेली, दातात लाल दोरा, एक डोळा बारीक केलेला. मशीन आलं त्या दिवशी त्यानेच काढलेला फोटो. गेली कित्येक वर्षं तो त्या छोट्या पडद्यावर फोल्डरांच्या मागे पडून होता, तिने कधी नीट पाहिलासुद्धा नव्हता.

“आला… अरे, आला! … हो, दिसतंय! मी दिसतेय! केस किती काळे होते बघ माझे… आणि ती फोल्डरं… आहे, कॉलेजचं आहे. उघडू? … दिवा आला रे! सगळी नावंपण आहेत… मशीनची वायर लावते… हिरवा लागला. मशीनचा दिवा हिरवा लागला!”

तिने एक कोट उचलला, रिंगमध्ये घट्ट बसवला, बटण दाबलं. सुई क्षणभर थांबली, मग टक… टक… टकटकटक सुरू झाली. पांढऱ्या खिशावर निळ्या दोऱ्याची पहिली रेघ उमटली. तिने फोन मशीनजवळ धरला.

“ऐकलंस? … चाललंय! सुटले बाबा… किती बोलू आता तुला… आणि हे बघ, एक ऐक माझं. ठकूला सांगू नकोस हं तू फोन केलास ते. म्हणजे तू कुठे सांगणार म्हणा, पण… मीही नाही सांगत. दुकानातला माणूस होता म्हणेन. तिला उगाच… काय? … काय म्हणालास? … थांब, मशीन थांबवते. परत बोल.”

टकटक थांबली.

“ठकूने? … ठकूने सांगितलं तुला? कधी? … मेसेज केला… काय लिहिलं होतं? … एवढंच? ‘आईचा लॅपटॉप बंद पडलाय, तुलाच माहीत आहे तो’… आणि तू काय लिहिलंस? … ‘बरं’. वा रे वा! दीड वर्षाने एक ओळ, आणि त्यावर ‘बरं’… आणि मघाशी मला नुसतं ‘कळलं’ म्हणतोस? मी तासभर चोरासारखी बोलतेय इथे, दाराकडे बघत… हसू नकोस. मला तुमचं दोघांचं काही म्हणजे काही कळत नाही… नाही, रागावले नाही. कळत नाही म्हणतेय फक्त.”

तेवढ्यात दारात किल्ली फिरली. ठकू चष्म्यांच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची आणि दुपारी जेवायला घरी यायची. ती आत आली, खांद्यावरची पर्स खुंटीला अडकवली आणि टीव्हीकडे पाहून जागीच उभी राहिली. आईचा दातात दोरा धरलेला चेहरा, खाली लोंबणारी वायर, रिंगमधला कोट, आईच्या कानाला फोन.

ठकूच्या आईने फोन पुढे केला. बोल, असं नुसत्या डोळ्यांनी म्हणाली. ठकूने मान हलवली. नाही. रागाने नाही, पण नाहीच. ती चपला काढून स्वयंपाकघराकडे वळली.

“हॅलो… हो, ती आली आत्ता… नाही, ती… हात धुतेय… हं. बरं… तुलाही उशीर झाला असेल, नाही का? … काय, सुट्टी संपली? कसली सुट्टी? … म्हणजे जेवणाची सुट्टी होती ही तुझी?”

हे शेवटचं ती जरा मोठ्याने बोलली. स्वयंपाकघरात नळ सुरू होता तो बंद झाला. ठकू दारात आली. ओल्या हातांनी तशीच उभी राहिली, टीव्हीकडे बघत.

“विचार त्याला,” ठकू म्हणाली, “जेवला का.”

ठकूच्या आईने फोन दोन्ही हातांनी धरला.

“अरे… जेवलास का? … नाही, मी नाही विचारत. म्हणजे मीही विचारते, पण… हो. तीच… हॅलो? … आहेस ना? … हं… नाही म्हणतो गं, राहिलंय म्हणतो.”

“मग आता खा म्हणावं. नुसत्या चहावर काढू नको म्हणावं,” ठकू म्हणाली आणि आत गेली. आत झाकणांचा आवाज झाला, ताटाचा झाला.

“ऐकलंस? … ऐकलंस ना… बरं. हो, सांगते… काही अडलं तर करीन फोन. करू ना? … करते मग… ठेव आता… नाही, तू ठेव… अरे, तू ठेव ना… बरं बाबा, मीच ठेवते.”

तिने लाल ठिपका दाबला. फोन मशीनच्या कडेला ठेवला, रिंगमधला कोट सरळ केला, पण बटण दाबलं नाही. आतून ठकूने विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं,

“काय म्हणाला?”

“काय म्हणणार,” आई म्हणाली. “खातो म्हणाला.”